ससाणा शून्यावर

१

बासरीवालीच्या नाकावर राग असतो, हे तिच्या घरचे काय, शेजारपाजारचेही सांगतील. पण सरावाच्या पहिल्या दिवशी तिला आला तो राग काही उगाच नव्हता. तेहतीस वर्षं फुंकून फुंकून जिच्या खालच्या ओठावर कायमचा वळ उठलाय, त्या बाईचं नाव पडद्यावर काय लिहिलं होतं, तर दाणा!

"दाणा? मी दाणा?"

"ताई, ते नुसतं नाव आहे हो," थवेवाला म्हणाला.

त्याला सगळे थवेवालाच म्हणत. पस्तिशीचा, तोंडाने गोड, बोटांनी चपळ. त्याने संगणकात पाखरांचा थवा केला होता. पाखरं म्हणजे पांढरे ठिपके, मोजून दोनशे चाळीस, आणि प्रत्येकाला स्वतःचा एक बारीक सूर. नियम तीनच. शेजाऱ्याला धडकायचं नाही, शेजारी वळेल तिकडे वळायचं, आणि थवा सोडून लांब जायचं नाही. एवढ्या तीन नियमांवर ते ठिपके असे काही वळत, असे काही दाटत नि पांगत, की बघणाऱ्याने चहा गार करावा. पडद्यावरचा नकाशा म्हणजे हेच सभागृह, वरून बघितलेलं: खाली रंगमंच, वर खुर्च्यांच्या रांगा. भिंतींवर चोवीस स्पीकर होते. ठिपके नकाशात जिथे जातील, तिथले स्पीकर गाऊ लागत.

चार कोपऱ्यांत चार माईक. बाईंनी सूर लावला की ते माईक तो ऐकत, कुठून आला ते ठरवत, आणि थवा तिकडे झेपावे. म्हणून दाणा. लोकांसमोर, त्याच घडीला, बाईंनी दाणा टाकायचा, थव्याने गायचं, आणि ते गाणं ऐकून बाईंनी पुढचा दाणा टाकायचा. लिहिलेलं काही नाही, पाठ केलेलं काही नाही. खरं सांगायचं तर तिला ते आवडलं होतं. पण आवडलं म्हणून सांगून टाकील ती बासरीवाली कसली!

"आणि हे काय?" पडद्याच्या खाली दोन सरकपट्ट्या होत्या, तिने त्यांवर बोट ठेवलं. एकीखाली लिहिलं होतं 'ससाणा', दुसरीखाली 'भीती'.

"थवा उधळायचा असला की मी ससाणा सोडतो. आणि त्याला कितपत भ्यायचं, ते या भीतीच्या पट्टीवर. पण आपल्या प्रयोगात ससाणा नाहीच. तो शून्यावर आहे."

"शून्यावरच असू दे," ती म्हणाली आणि बासरी पुसायला लागली.

२

सराव रोज सकाळी दहाला. ती बाबांना घेऊन बसने यायची. बाबा ब्याऐंशीचे. चाळीस वर्षं त्यांनी घरोघरी जाऊन पियानो जुळवले, आणि त्या कामाने जाता जाता त्यांच्या कानात एक शिटी ठेवून दिली. बारा वर्षं ती वाजत होती, जेवताना, झोपताना, अखंड. त्यांना घरी एकटं ठेवायची सोय नव्हती, कारण दोनदा ते गॅस चालू ठेवून फिरायला गेले होते. म्हणून ते तिसऱ्या रांगेत, मधल्या वाटेपासून दुसऱ्या खुर्चीवर, मांडीवर टोपी ठेवून बसत. आणि बोलत. बाबांचं तोंड बंद म्हणजे बाबा झोपले, असं घरात गणितच होतं.

"तिसरा सूर चढा लागला, बयो!" ते तिथूनच ओरडत.

थवेवाला कपाळाला आठ्या घालायचा, पण ती बासरी खाली ठेवून मान डोलवायची. कारण सूर खरंच चढा लागलेला असायचा. लोकांनी तिला हार घातले, वर्तमानपत्रांनी लिहिलं, पण तिला जगात एकाच माणसाचं मत हवं असे. हे ओरडणं एक दिवस थांबलं तर आपण कोणासाठी वाजवायचं, असं कधी मनात यायचं आणि ती घाईघाईने बासरी पुन्हा ओठाला लावायची.

चौथ्या दिवशी सराव रंगात आला होता. ती खालचा सूर धरून उभी, आणि थवा नवव्या रांगेवरून पंख्यासारखा उलगडत पुढे येत होता. तेवढ्यात तिला ते दिसलं. थव्याच्या मध्ये एक टक्कल होतं. ताटलीएवढं, गोल. ठिपके दोन्ही बाजूंनी येत, तिथे पोचले की फाकत, आणि पलीकडे पुन्हा एक होत. एकही मधून जात नव्हता. आणि सभागृहात त्याच जागी, नवव्या रांगेत, आवाजाला भोक पडलं होतं.

तिने बासरी ओठांवरून काढली. "हे टक्कल कसलं?"

थवेवाला वाकून बघायला लागला. "अरेच्चा. हे तर ससाणा सोडल्यावर होतं."

"मग सोडलात?"

"नाही हो, ताई. बघा ना." त्याने पट्टी दाखवली. ससाणा शून्यावर होता.

३

बाई भित्री नव्हती. भुताखेताच्या गोष्टी कोणी सांगायला लागलं की ती उठून भांडी घासायला जायची. तिने सरळ विचार केला: माईक बिघडला असणार. तिने एकेक माईक रुमालाने झाकायला लावला. टक्कल जागचं हललं नाही. मग वाटलं, वरून गार हवेचा झोत येत असेल. हवा बंद केली. टक्कल तिथेच. ती स्वतः नवव्या रांगेत जाऊन त्या खुर्चीसमोर उभी राहिली. मिटणारी खुर्ची, लाल कापड, काही म्हणजे काही नाही. फक्त तिथे उभं असताना तिला आपला श्वास ऐकू येईना. असं होतं कधी कधी, तिने स्वतःला सांगितलं, कानांना दडे बसतात.

पाचव्या दिवशी टक्कल सातव्या रांगेत होतं. सहाव्या दिवशी पाचवीत. ती वाजवायची तेव्हा ते सरकायचं, थांबली की थांबायचं. आधी तिला वाटलं, आपल्याकडेच येतंय. म्हणून ती वाजवत वाजवत मंचाच्या पार डाव्या टोकाला गेली. दाण्यामागे थवा धावला, पण टक्कल काही वळलं नाही. ते आपलं सरळ, मधल्या वाटेने, सावकाश खाली येत होतं. उशिरा आलेला माणूस अंधारात आपली खुर्ची शोधत येतो ना, तसं.

सातव्या दिवशी ते चौथ्या रांगेत होतं, बाबांच्या बरोबर मागे.

"चढा!" बाबा ओरडले असावेत. तिला त्यांचं उघडलेलं तोंड दिसलं. शब्द पोचला तो अर्धा.

परतीच्या बसमध्ये बाबा खुशीत होते. खिडकीच्या काचेवर बोटांनी ताल धरून बसले होते.

"एक गंमत सांगू, बयो? आज शिटी थांबली."

"कुठली शिटी?"

"कानातली गं! चांगली वीस मिनिटं. काय गार वाटलं म्हणून सांगू. असं वाटलं, कोणीतरी मागून येऊन कानांवर हात ठेवलेत."

तिने विचारलं, किती वाजता. त्यांनी सांगितलं, अकराच्या सुमाराला. घरी पोचेपर्यंत ती त्यांचा हात धरून बसली.

४

दुसऱ्या दिवशी ती तरातरा मॅनेजरबाईंच्या खोलीत गेली. सभागृह त्यांच्या ताब्यात. टेबलावर फुलदाणी, फुलदाणीत कागदाची फुलं, आणि बाई त्या फुलांवरची धूळ पुसत होत्या.

तिने सगळं सांगितलं. मॅनेजरबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सरावाला खुर्च्या रिकाम्या असतात ना?" त्या म्हणाल्या.

"असतात."

"मग पडद्यावर रिकामी जागा दिसणारच की."

आता यावर कोणी काय बोलावं! पालथ्या घड्यावर पाणी. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती म्हणाली, "बाई, उद्या तुमच्या खुर्चीत कोणी येऊन बसलं तर तुम्हाला तरी कळेल का, याची मला शंका आहे." आणि दार आपटून बाहेर आली.

बाहेर थवेवाला उभा होता. त्याने हात जोडले. "ताई, रागावू नका. तो माझ्या कामातला दोष आहे, भूतबीत काही नाही. मी आज रात्रभर बसतो. उद्या ते टक्कल दिसलं तर माझं नाव बदला."

"आणि माझे बाबा?"

"त्यांना तर मजा वाटतेय!"

तेही खरंच होतं. बाबांना घरी ठेवायचं तिने ठरवलं होतं, शेजारणीशी बोलूनही ठेवलं होतं. तर बाबा लहान मुलासारखे हटून बसले. बारा वर्षांनी कानाला जरा शांतता मिळाली, तीही तुला बघवत नाही का, म्हणाले. असं कधी बोलले नव्हते ते तिला. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं, आणि पाणी आलं की तिला जास्तच राग येतो.

५

आणि उद्या खरंच टक्कल नव्हतं.

तिने तासभर वाजवलं. थवा नकाशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा हिंडला. तिसरी रांग, चौथी, पाचवी, सगळीकडे गाणं. कुठे भोक नाही, कुठे खंड नाही. इतकं सुरेख वाजलं की प्रकाशयोजनेवाल्यानेही वरून टाळ्या वाजवल्या. तिला हलकं वाटलं. उगाच मॅनेजरबाईंना टाकून बोलले, असंही वाटलं.

चहाच्या वेळी ती थवेवाल्याच्या टेबलाशी आली. पडद्याच्या कोपऱ्यात एक बारीक आकडा होता. रोज तिथे दोनशे चाळीस असायचे. आज होते दोनशे एकतीस.

"बाकीचे नऊ?"

"असतील इकडे तिकडे. पडद्याच्या कडेबाहेर गेले की मोजत नाही तो."

ती बघत राहिली. तिसऱ्या रांगेवरून एक झुबका चालला होता. झुबका पलीकडे निघाला. आकडा झाला दोनशे तीस.

"दोष कसा काढलात, ते सांगा."

"सोपं होतं हो," तो चहाचा घोट घेत म्हणाला. "ठिपके नसलेल्या ससाण्याला भीत होते. मी भीतीच शून्यावर नेली."

क्षणभर तिला कळलंच नाही. मग कळलं, आणि कळल्यावर तिने हातातला कप टेबलावर असा ठेवला की चहा त्याच्या कागदांवर सांडला.

"म्हणजे ते गेलेलं नाही."

"दिसत नाहीये ना पण?"

"दिसत नाहीये! अरे, पाखरं त्याला भीत होती म्हणून तर आपल्याला तो कुठे आहे ते कळत होतं! तू त्यांची भीती काढलीस. धोका काढला नाहीस. आता ती गात गात त्याच्या तोंडात जातायत, आणि तू चहा पितोयस?"

इतके दिवस ती त्याला 'तुम्ही' म्हणत आली होती. 'तू' कधी निघालं, ते तिचं तिलाही कळलं नाही. त्याला कळलं. तो गोरामोरा झाला.

"ताई, हे ठिपके आहेत. जिवंत नाहीत."

"माझे बाबा जिवंत आहेत!"

तिने वळून बघितलं. तिसऱ्या रांगेत बाबा डोळे मिटून बसले होते. चेहऱ्यावर असं समाधान, की आई गेल्यापासून कधी पाहिलं नव्हतं. ओठ हलत होते. दुरून वाटावं, कोणाशी तरी हळू बोलतायत.

थवेवाल्याने शपथ घेतली. प्रयोगाच्या दिवशी भीती पुन्हा पूर्वीसारखी साठावर ठेवीन. आईची शपथ घेतली, विद्येची घेतली, आणि हात जोडून म्हणाला, टक्कल दिसलं तर तिथल्या तिथे थांबवू. तिने विश्वास ठेवला. चूक झाली असेल तर ती इथे झाली.

६

प्रयोग रविवारी, दुपारी चारला. सभागृह गच्च भरलेलं. बाबांना तिने शेजारणीच्या घरी बसवलं होतं, बाहेरून कडीसुद्धा घालायला सांगितली होती. मंचाच्या पडद्याआडून तिने खुर्च्यांवर नजर टाकली, आणि तिसऱ्या रांगेत बाबा.

शेजारीण मंचामागच्या दाराशीच भेटली. ओशाळून म्हणाली, "ऐकेचनात हो. म्हणाले, माझी जागा कोणीतरी धरून ठेवलीय, गेलो नाही तर बरं दिसणार नाही."

बाबांच्या शेजारची, वाटेच्या कडेची खुर्ची तेवढी रिकामी होती. तिच्यावर बाबांनी आपली टोपी ठेवली होती. कोणी विचारलं की ते हसून मान हलवत, आणि विचारणारा पुढे जाई. त्या खुर्च्या मिटणाऱ्या. बसणारा उठला की बैठक आपोआप वर जाते. टोपीच्या वजनाने ती खाली राहील कशी, हा प्रश्न तिला पडला तेव्हा दिवे मंद झाले होते, आणि थवेवाला तिला हातानेच मंचावर बोलावत होता.

ती मंचावर गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिने खालचा सूर लावला.

थवा आला. मोठ्या पडद्यावर ठिपके उसळले, भिंती गाऊ लागल्या, आणि सहाशे माणसांनी एकदम श्वास घेतला. ती वाजवता वाजवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून टक्कल शोधत होती. तिसऱ्या रांगेवर बघितलं. नव्हतं. चौथीवर. नव्हतं. थवा सगळीकडे निर्धास्त. बरं, नाही तर नाही, तिला वाटलं, गेलं असेल. मग तिची नजर कोपऱ्यातल्या आकड्यावर गेली.

एकशे अठ्ठ्याऐंशी.

तिने थवेवाल्याकडे पाहिलं. त्याने नजर चुकवली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं! त्याने भीती लावलीच नव्हती. प्रयोग बिघडायला नको म्हणून, लोकांना टक्कल दिसायला नको म्हणून. एकशे सत्तर. दाणा कोण टाकत होतं? ती. एकशे एकावन्न. तिच्याच सुरांवर भुलून ते थव्याने तिसऱ्या रांगेवर येत होते आणि निघताना कमी होऊन निघत होते. एवढी फसवणूक तिची आयुष्यात कोणी केली नव्हती. संतापाने तिचा श्वास तुटला, सूर मध्येच मोडला.

तिने बासरी ओठांवरून काढली, आणि सहाशे लोकांसमोर मंचावरून खाली उतरली.

७

"ताई, काय करताय! ताई!" थवेवाला दातांतल्या दातांत म्हणाला. तिने त्याचा हात झटकला आणि भीतीची पट्टी धरून शेवटपर्यंत वर ढकलली.

उरलेले शंभरेक ठिपके एकाएकी फुटले. किंचाळत चारी कोपऱ्यांना पळाले, भिंतीला चिकटून थरथरत राहिले. लोकांना तो खेळाचाच भाग वाटला. कोणी "वाहवा" म्हणालं. पडद्याचा मधला भाग रिकामा झाला, पण सगळा नाही. काही ठिपके लोटालोटीत मध्ये अडकले होते, आणि वाट काढताना ते तिसऱ्या रांगेपाशी फाकत होते. म्हणून कडा स्पष्ट दिसली.

टक्कल एक नव्हतं. दोन होती. सारख्या मापाची, एकमेकांना लागून. एक टोपीच्या खुर्चीवर, आणि दुसरं बाबांच्या.

ती धावली. मधल्या वाटेने, लोकांच्या पायांवर पाय देत. बाबा तिच्याकडे बघून हसत होते, काहीतरी सांगत होते. ओठ भराभर चालले होते. आवाज नाही.

"बाबा, उठा. चला. मोठ्याने बोला, बाबा!"

त्यांनी तिचा हात धरला आणि कौतुकाने जवळ ओढला. तिचा तोल गेला, आणि ती टोपीवरच, त्या खुर्चीत, बसली. क्षणभरच. पण त्या क्षणात सगळं सभागृह मुकं झालं. माणसं उभी राहत होती, हात हातांवर आपटत होते, तोंडं उघडत होती, आणि कशाचाच आवाज येत नव्हता. तिला स्वतःचं काळीज छातीत धडधडताना जाणवत होतं, पण ऐकू येत नव्हतं. खुर्ची गार होती, आणि तिच्या मांडीवर दुसऱ्या कोणाचं तरी वजन होतं.

ती ओरडून उठली. टोपी हिसकली, बाबांना उभं केलं, आणि त्यांना ओढत वाटेला लागली. दाराशी एकदा मागे वळून बघितलं. बाबांची खुर्ची मिटली होती. शेजारची मात्र अजून उघडीच होती.

८

बाहेरच्या दालनात आल्यावर आवाज परत आला. चपलांची फटफट, दारांची उघडझाप, आत अजून चाललेल्या टाळ्या. तिने भिंतीला टेकून श्वास घेतला. बाबांचे ओठ अजून हलत होते, मात्र त्यांचा आवाज तेवढा नव्हता.

थवेवाला धावत आला. चेहरा फुललेला.

"ताई! शेवट काय केलात तुम्ही! लोक खुर्च्या सोडायला तयार नाहीत. उद्याच्या प्रयोगातही हेच ठेवू, अगदी अस्संच—"

मग तिचा बांध फुटला. तिने त्याला काय काय नाही ऐकवलं! खोटारडा म्हणाली, नीच म्हणाली. म्हणाली, "तुझ्या शपथा कुठे गेल्या? माझ्या म्हाताऱ्या बापाला आमिष म्हणून बसवलंस? मला दाणा म्हणालास तेव्हाच तुझं थोबाड फोडायला हवं होतं! यापुढे माझ्या दाराशी आलास तर याद राख!" अख्खं दालन दणाणेल असं ती बोलली. तेहतीस वर्षं फुंकणारी छाती ती, कमी का पडणार!

थवेवाला तसाच हसऱ्या तोंडाने उभा. तिच्या चेहऱ्याकडे बघतोय, वाट बघतोय. मग जरा कानकोंडा होऊन म्हणाला, "रागावलात का, ताई? काहीतरी बोला ना."

एवढा निर्लज्जपणा तिने जन्मात पाहिला नव्हता. ती पाठ फिरवून चालायला लागली.

रस्त्यावर चारी बाजूंनी ऊन होतं. बसथांब्यावर दहा-बारा माणसं उभी. एक बाई कडेवर पोर घेऊन, दोन म्हातारे, एक पेपर वाचणारा. पलीकडे कोणी दुकानाचं शटर वर लोटत होतं, त्याचा खडखडाट कानाला नुसता टोचत होता. जगातले सगळे आवाज होते, आणि बाबांचा नव्हता. ती त्यांच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत राहिली. आता हा माणूस मला सूर चढा लागला म्हणून कधी सांगणार नाही, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

"...आणि शेवटचा सूर तर तू पुरा केलाच नाहीस," बाबा म्हणाले.

ती दचकली. त्यांचाच आवाज. जरा घोगरा, नेहमीचा, अगदी स्वच्छ.

"काय म्हणालात?"

"सूर, गं! मध्येच सोडलास. असं करतात का कधी? एवढी माणसं बसलेली."

तिने भर रस्त्यात त्यांना मिठी मारली. मग त्यांना खांद्याला धरून गदागदा हलवलं, आणि इतक्या वेळची भीती, संताप, सगळं एकदम बाहेर पडलं. "जीव घेतलात माझा! कळतं का तुम्हाला? पुन्हा त्या सभागृहाचं नाव काढायचं नाही! नाही म्हणजे नाही! ऐकलंत?" ती रडत होती, हसत होती, बेंबीच्या देठापासून ओरडत होती.

पेपर वाचणाऱ्याने पान उलटलं. म्हातारे बसच्या वाटेकडे बघत होते. हातभर अंतरावर त्या बाईच्या कडेवरचं पोर गाढ झोपलं होतं, ते हललंसुद्धा नाही. थांब्यावरच्या एकानेही मान वळवली नाही.

बाबांनी इकडेतिकडे बघितलं आणि संकोचून तिच्या हातावर थोपटलं.

"हळू बोल, बयो," ते म्हणाले. "सगळे ऐकतायत."